मीटरचा आकडा आम्हालाही दिसू द्या

डिझाईन शेअर करण्याच्या संकेतस्थळांवर काय राहू द्यायचं आणि काय काढायचं हे ठरवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात आमच्या दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "दादा, आपली अप्सरा दिसना गेली."

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावरून आत वळलं की बोळात माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर, गाड्यांवरचं रेडियम, श्रद्धांजलीचे फलक ही आमची कामं. मोठं मशीन माझ्याकडे नाही, छपाई बाहेरून करून आणतो. माझ्याकडे आहेत ते दोन कॉम्प्युटर, एक कटिंग प्लॉटर आणि रेषेवर बसलेला हात. रात्री शटर अर्धं ओढलं की मी माझ्या फाईली तुमच्यासारख्यांच्या संकेतस्थळांवर टाकतो. काही फुकट, काही 100-150 रुपयांना. उदगीर, हिंगोली, गेवराईचा कोणी दुकानदार ती उतरवून घेतो, नवरा-नवरीची नावं बदलतो आणि गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत प्रूफ समोर ठेवतो. यातून फार पैसे येत नाहीत, पण लग्नं नसतात त्या महिन्यांत दुकानाचं भाडं त्यातूनच निघतं.

तर अप्सरा. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात ती आहे. आकाशातून वेगात निघालेली, आणि त्या वेगाने गळ्यातले हार एका अंगाला उडालेले. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने वेग दाखवायला पंख लावले नाहीत, वारा काढला नाही, नुसते हार तिरके केले. आमच्या धंद्यातल्या माणसाने तिथे हात जोडावेत अशी ती जागा आहे. तीनदा जाऊन मी ती बघितली आणि एका साडीच्या दुकानाच्या पिशवीसाठी नुसत्या रेषांत उतरवली. ती फाईल तुमच्यातल्या एका संकेतस्थळावरही टाकली होती. ती काढून टाकल्याचा निरोप आला: 'नग्नता किंवा लैंगिक आशय'. अजिंठा 1983 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. एसटी ठरवून पाचवी-सहावीची लेकरं सहलीला जातात, गुरुजी हेच चित्र दाखवतात, आणि परत आल्यावर त्यावर निबंध लिहून घेतात. लेकरांनी बघितलेलं बापाने डाऊनलोड करू नये, असं काहीतरी तुमचं म्हणणं दिसतं.

बरं, नियम तर नियम. आम्ही मान तुकवली असती. पण त्याच संध्याकाळी त्याच संकेतस्थळावर शोधलं, तर तीच अप्सरा, तेच उडालेले हार, डोक्याला तेच फेट्यासारखं वस्त्र, एका मोठ्या खात्यावर आरामात बसलेली. माझ्या अप्सरेपेक्षा चार कपडे कमीच म्हणा. त्या खात्याला 2 लाख लोक फॉलो करतात, मला 400. दुसरा फरक मला सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर तो कळवा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

तुमचं मशीन कसं चालतं ते मी समजून घ्यायचा प्रयत्न केलाय. ते चित्र बघत नाही, चित्राला आकडा देतं. यात उघडं अंग असण्याची शक्यता अमुक, शस्त्र असण्याची तमुक. मग तुम्ही कुठेतरी रेघ मारलेली असते. रेघेच्या वर आकडा गेला की फाईल बाहेर. रेघ खाली ओढली की घाण जास्त सापडते आणि सोबत आमच्यासारखं ओलंही सुक्याबरोबर जळतं. वर नेली की आम्ही वाचतो आणि घाणही वाचते. यात कुणाचा कावा आहे असं मी म्हणत नाही. रेघ कुठेतरी मारावीच लागणार.

आमच्याकडे असलाच एक आकडा रोज बघायला मिळतो. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन आलं की मूठभर दाणे मीटरमध्ये घालतात आणि ओलावा मोजतात. हमीभावाने सरकारी खरेदीला 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. 2024 च्या हंगामात ओला म्हणून माल परत जायला लागला, मोठा कालवा झाला, आणि नोव्हेंबरात केंद्राने त्या हंगामापुरती मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. मीटरवरून आडतीवर भांडणं होतात, एकाचं मीटर 12 दाखवतं आणि शेजारच्याचं 14, हे सगळं खरं. पण मीटर शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर लावतात. त्याला आकडा दिसतो. त्याला मर्यादा माहीत असते. पटलं नाही तर तो म्हणतो, पुन्हा लाव, दुसऱ्या पोत्यातले दाणे घे. पुन्हा लावावंच लागतं, कारण मागे दहा माणसं उभी राहून बघायलेली असतात. तुमचं मीटर मात्र आतल्या खोलीत आहे. आम्हाला बाहेर येऊन एवढंच सांगतात, की तुमचा माल ओला आहे.

आणि ते मीटर आमच्या मालासाठी लावलेलंच नाही, हे आम्हाला पदोपदी दिसतं. लग्नपत्रिकेच्या डोक्यावर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिक, खाली 'कुलस्वामिनी श्री तुळजाभवानी प्रसन्न' ही आमच्याकडची साधी मांडणी. माझ्या दोन पत्रिका 'द्वेष पसरवणारं चिन्ह' म्हणून अडवल्या गेल्या. हिटलरच्या पक्षाचं चिन्ह काय आहे ते आम्हालाही माहीत आहे. त्याने जगात काय केलं तेही माहीत आहे, आणि ते चिन्ह तुम्ही शोधून काढताय याचा आनंदच आहे. पण ते तिरकं उभं असतं, पांढऱ्या वर्तुळात काळं, भोवती लाल. आमचं सरळ असतं, चार घरांत चार ठिपके, आणि शेजारी बहुधा कलश. एका माणसाला हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. मशीनला शिकवायला तुम्हाला पाच हजार पत्रिका लागतील. मागा, मी देतो. एकट्या माझ्या हार्डडिस्कमध्ये निघतील तेवढ्या.

नवरात्रात तुळजाभवानीचा फ्लेक्स केला तर महिषासुराला त्रिशूळ लागलेला असतो, म्हणजे हिंसा. नांदेडचा माझा एक दोस्त गुरुद्वाऱ्याच्या कार्यक्रमांचे आणि उरुसाचे, दोन्ही बॅनर करतो. शिखांचं खंडा हे धर्मचिन्ह बॅनरवर असलं की ते शस्त्र म्हणून अडतं, आणि उर्दू मजकूर असला की फाईल 'तपासणी सुरू आहे' यात दिवसेंदिवस पडून राहते. तो म्हणतो, तुझं बरं आहे, तुझं निदान लगेच काढतात तरी.

सगळ्यात हसलो ते 'गुणवंत'वर. शाळांच्या सत्कारासाठी मी प्रमाणपत्रांचा एक संच केला होता. लोक मोबाईलवर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत शोधतात म्हणून फाईलचं नाव 'गुणवंत विद्यार्थी' तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवलं. त्यातली पहिली तीन अक्षरं इंग्रजीत बंदूक होतात. संच शस्त्रविक्रीच्या शंकेने थांबला. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. त्या नावाच्या पोटात इंग्रजीतली एक शिवी दडलेली आहे, म्हणून 1996 साली तिथल्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना. तेव्हा जग तुमच्यावर हसलं होतं आणि तुम्ही ते इंग्रजीपुरतं बरंचसं दुरुस्तही केलंत. गुणवंतांची पाळी अजून यायची आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण यंदा माझी एक फाईल चोरीची ठरवून काढली गेली.

पैठणीच्या काठाची पत्रिका होती. मोर, मुनिया, असावली ही नक्षी काही माझी नाही, कुणाचीच नाही. पैठणच्या विणकरांच्या पिढ्यांनी ती घडवली, पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझी होती ती मांडणी: काठ उभा घेऊन त्यालाच पत्रिकेची घडी केली, आणि पदर उलगडावा तशी पत्रिका उघडते. एका रात्रीत नाही झालं ते, दोन पावसाळे गेले. ही फाईल कुणीतरी उतरवली, रंग बदलला, आपल्या खात्यावर चढवली, आणि काही महिन्यांनी माझ्याचविरुद्ध कॉपीराईटची तक्रार केली. तुम्ही माझी काढलीत.

आता ऐका. आमच्याकडच्या पत्रिकेत खाली एक 'किलबिल' असते. घरातल्या लेकरांची लाडाची नावं, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'. नमुन्याच्या फाईलमध्ये मी माझ्या भाच्यांची घरातली नावं टाकून ठेवली होती. त्या बहाद्दराला मराठी येत नसावं. त्याने वरची नावं बदलली आणि किलबिल तशीच ठेवली. त्याच्या 'मूळ' डिझाईनमध्ये माझ्या बहिणीची पोरं त्यांच्या मामाच्या लग्नाला बोलावतायत. मी हे लिहून कळवलं, लेअरसकट मूळ फाईल पाठवली, तारखा दिल्या. मराठी वाचता येणाऱ्या कोणत्याही माणसाला अर्धा मिनिट पुरलं असतं. उत्तर चार मिनिटांत आलं, इंग्रजीत: आम्ही काळजीपूर्वक फेरतपासणी केली आणि आमचा निर्णय कायम आहे. चार मिनिटांत 90 एमबीची फाईल उघडतसुद्धा नाही हो.

मला सांगितलं गेलं, हरकत असेल तर अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराईट कायद्याखाली उलट नोटीस द्या. वाचून बघितलं. पूर्ण नाव-पत्ता द्यायचा, तो तक्रारदाराला जाणार. तिथल्या न्यायालयाची हद्द मान्य करायची. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खोट्या शपथेचा गुन्हा. हे सगळं केल्यावर, समोरचा कोर्टात गेला नाही, तर 10 ते 14 कामकाजी दिवसांत फाईल परत. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराईट कायद्यातही मार्ग आहे: तक्रार आली की मजकूर थांबवायचा, आणि तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा खुला करता येतो. कागदावर ठीक आहे. पण आमच्या धंद्यात तुळशीच्या लग्नानंतर जे काही सहा-आठ आठवडे पत्रिकांची झुंबड असते, त्यातले 21 दिवस गेले की उरलं काय? सोयाबीन निदान वाळवून पुन्हा आणता येतं.

आता म्हणाल, हा गडी सगळंच सोडून द्या म्हणतोय. नाही. उलट तुम्ही जे काढत नाही त्याने माझा जास्त जीव जळतो. आधार कार्डाची नाव-फोटो बदलता येणारी फाईल, बोर्डाच्या गुणपत्रिकेचा कोरा नमुना, तहसीलच्या शिक्क्यासकट दाखला, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, तुमच्यातल्याच एका ठिकाणी. मी तक्रार केली. उत्तर आलं, 'नियमांचा भंग आढळला नाही'. 14 एप्रिलच्या आधी माझ्या एका मित्राने भीमजयंतीचे बॅनर टाकले होते. त्याखाली कुणीतरी जातीवरून इतकं घाण लिहिलं की ते इथे लिहिणार नाही. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला आणि त्याआधी माणसांची घरं जळाली, तिथे अशा शब्दाचं वजन काय असतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, मान्य आहे. पण तो शब्द मराठीत होता, म्हणून तुमच्या मशीनला तो दिसलाच नाही. मित्राने तीनदा कळवलं. जयंती झाली, बॅनर उतरले, ते वाक्य तिथेच. 1500 वर्षांपूर्वीची अप्सरा मात्र रात्रीतून गेली.

आमचेही हात फार स्वच्छ नाहीत, हेही लिहून टाकतो, नाहीतर आमच्याच लाईनीतली माणसं हसतील. मंडळाचा कार्यकर्ता मोबाईल पुढे करतो, "सेम असंच पाहिजे." आपण करतो. गुगलवरचा फोटो उचलतो, फॉन्ट कुणाकडून तरी पेनड्राईव्हमध्ये आणलेला असतो. मीही केलंय. म्हणून कॉपीराईटचा नियम कडक ठेवा, मला चालेल. माझी चोरी सापडली तर माझीही फाईल काढा. फक्त माझी काढताना आणि 2 लाखवाल्याची ठेवताना मीटर एकच असू द्या.

तुमच्यातही माणसं आहेत याची मला जाणीव आहे. बरीचशी ठेकेदाराकडे कामाला असतात, दिवसभर नको ते बघतात, एका चित्राला काही सेकंद मिळतात. 2020 साली फेसबुकने अमेरिकेतल्या अशा तपासनिसांच्या दाव्यात 5.2 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, हे काम माणसाच्या मनाला काय करतं ते त्यावरून समजावं. खुर्चीवर बसलेल्या त्या पोरा-पोरींवर माझा राग नाही. त्यांना मराठी येत नाही, हा त्यांचा दोष कसा? दोष त्यांचा, ज्यांनी मराठी फाईलींवर कमिशन घ्यायचं ठरवलं आणि मराठी वाचणारा एक माणूस ठेवायचं ठरवलं नाही.

आणि हे मी उपकार म्हणून मागत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राचे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे लोकांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या तुमच्यासारख्या संकेतस्थळांसाठीचे, नियम आले. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक झालं, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असं ठरलं. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत लोक असलेल्या समाजमाध्यमांनी स्वतःहून काही काढायचं तर आधी कारण कळवायचं, बाजू मांडायला संधी द्यायची, हेही त्यात आहे. तुमच्यातले काही म्हणतील, आम्ही तेवढे मोठे नाही, किंवा आम्ही समाजमाध्यम नाहीच. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. ऑक्टोबर 2022 च्या दुरुस्तीने तुमची नियमावली घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, वापरणाऱ्याला पाहिजे त्या भाषेत द्यायला सांगितलं. मराठी त्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे, आणि 3 ऑक्टोबर 2024 पासून अभिजातही आहे. इकडे फटाके वाजले, मी स्वतः अभिनंदनाचे चार फ्लेक्स केले. तुमची नियमावली मात्र मी अजून गुगल भाषांतरातून वाचतो, आणि त्यात एका ठिकाणी 'आपली सामग्री फाशी दिली जाऊ शकते' असं आलं. निलंबित असावं बहुतेक.

युरोपात 17 फेब्रुवारी 2024 पासून डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट पूर्ण लागू झाला. तिथे तुम्हाला काढलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण लिहून द्यावं लागतं: कोणत्या नियमाखाली, कोणत्या तपशिलावरून, निर्णय मशीनने घेतला का, दाद कुठे मागायची. म्हणजे हे तुम्हाला करता येतं. जर्मनीतल्या डिझायनरला तुम्ही जो कागद देता तोच मला द्या, एवढं साधं आहे. कारण लिहिताना चित्रातल्या कोणत्या भागावर बोट आहे तेही दाखवा. म्हणजे स्वस्तिकावर असेल तर मी ठिपके दाखवीन, त्रिशुळावर असेल तर देवी दाखवीन. दाद मागितल्यावर ती पहिल्यांदा बघणाऱ्यापेक्षा दुसऱ्याने बघावी आणि त्याला फाईलची भाषा यावी. चूक तुमची निघाली तर फाईल परत येते, पण खात्यावरचा लाल शेरा तसाच राहतो. असे तीन शेरे झाले की खातं बंद. तोही पुसायला पाहिजे. आणि वर्षाकाठी मराठीतल्या किती फाईली काढल्या, किती परत आणल्या, ते जाहीर करा. बाजार समितीसुद्धा रोजची आवक फळ्यावर लिहिते.

अप्सरेची फाईल मी परत टाकलेली नाही. साडीवाल्याने पिशव्या छापून घेतल्या, गावभर ती हातात हातात फिरतेय आणि अजून कुणाची तक्रार आली नाही. पत्रिकेच्या बाबतीत मात्र तुमच्यातल्या एकाच्या तक्रार अधिकाऱ्याचा नकार येऊन आज 19 दिवस झाले. त्यावर सरकारच्या अपील समितीकडे जायला 30 दिवस असतात. अर्ज लिहून ठेवलाय, सोबत मूळ फाईल आहे, त्या बहाद्दराच्या पत्रिकेचा फोटो आहे आणि किलबिलीभोवती लाल पेनाने गोल केलाय. 11 दिवस बाकी आहेत. त्याच्या आत उत्तर देणार असाल तर मराठीत द्या, आमच्या पोरालाही वाचायचंय.

आपला,
एक पत्रिकावाला
गंजगोलाई, लातूर